फळांच्या परातीतला हिमरू

मोहियोद्दीनला राग आला की तो माणसांशी बोलणं टाकायचा आणि मागावर बसून दणादण विणायला लागायचा. त्या हिवाळ्यात तीन महिन्यांची शाल त्याच्या मागावरून अडीच महिन्यांत उतरली, यावरूनच समजा राग केवढा होता. आणि तो आणला होता त्याच्या होणाऱ्या व्याह्यानं.

व्याही म्हणजे सिल्लोडचे नवाबमियाँ. नाव तेवढं नवाब, धंदा कापसाचा. गाड्या भरभरून कापूस ते औरंगाबादच्या टेसनावर आणायचे, तिथून तो रेल्वेनं मुंबईला आणि मुंबईहून बोटीत बसून विलायतेला. तिथल्या गिरणीत त्याचं कापड व्हायचं आणि तेच कापड परत बोटीनं, परत रेल्वेनं गुलमंडीत विकायला यायचं. कुण्या जमान्यात निजाम सरकार आणि कंपनी सरकार यांचा तह झाला होता आणि विलायती मालावर शंभराला पाचाच्या वर जकात घ्यायची नाही असं त्यात ठरलं होतं म्हणे. तो कागद कुठल्या पेटीत पडला होता देव जाणे, पण हिमरू, म्हणजे बुट्टीच्या नक्षीचं रेशमी-सुती कापड, विणणाऱ्यांच्या गल्लीतले निम्मे माग त्यानं बंद पाडले. वर आता गिरणीवाल्यांनी हिमरूची बुट्टीसुद्धा उचलली होती. छापील हो! लांबून बघाल तर हुबेहूब, आणि जवळून बघाल तर थुंकावंसं वाटावं.

मोहियोद्दीनच्या जोहराची मंगनी झाली त्या दिवशी नवाबमियाँ विडा चघळत सहज म्हणाले, "दुल्ह्याची शाल विलायतीच घेऊ. छाप तुमच्यावानीच असतो. कुणाला कळतोय फरक?"

पडद्याआड वहिदानं, मोहियोद्दीनच्या बायकोनं, कपाळाला हात लावला, कारण नवऱ्याचे कान लाल झालेले तिला तिथूनही दिसले.

"मला कळतोय," मोहियोद्दीन म्हणाला. "शाल मी विणतो. निकाहाला दुल्ह्याच्या खांद्यावर ती पडंल. तुमी नुसता हात लावून बगा, आन मग सांगा फरक हाय का नाय."

"बरं," नवाबमियाँ हसले. "निकाहापर्यंत हातात आली तर तुमची. नाय आली तर माझी विलायती पेटीत तयार हाय."

झालं! तेव्हापासून मोहियोद्दीन जो मागाच्या खड्ड्यात उतरला तो नमाजाला आणि जेवायलाच वर यायचा. डाळिंबी जमीन, त्यावर बदामी बुट्टी, काठाला वेल. रेशमाच्या कांड्या भरून द्यायला जोहरा शेजारी बसायची. स्वतःच्याच लग्नाची शाल, पण पोरगी लाजायचं सोडून बापाच्या चुका काढायची. "अब्बा, इथं एक धागा सुटला," म्हणायची, आणि तो सुटलेलाच असायचा.

शनिवारी शाल उतरली. निकाह पुढच्या शुक्रवारी. घरात सगळ्यांनी हुश्श केलं आणि सोमवारी सकाळी नानासाहेब आले.

नानासाहेब म्हणजे पलीकडच्या गल्लीत राहणारे, सरकारी कचेरीत पेशकार. वीस वर्षांची दोस्ती. माणूस सोन्यासारखा, पण कुठल्याही गोष्टीला शोभा आणायची त्यांना भारी खोड. अर्जाला शोभा यावी म्हणून ते त्यात तीन शेर घालायचे आणि मूळ मागणी राहून जायची.

"मियाँ," नानासाहेब म्हणाले, "उद्या हैदराबादहून गोरा साहेब येतोय. छावणीत तंबू ठोकलेत. कचेरीत नजरा पेश करायच्या आहेत. तुमची शाल एक दिवस द्या."

आता ही नजरेची भानगड नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातच आहे. इंग्रज सरकारनं आपल्या साहेबलोकांना भेटी घ्यायची बंदी केलेली. पण निजामाच्या राज्यात मोठ्या माणसासमोर रिकाम्या हातानं जाणं म्हणजे बेअदबी, आणि पुढं केलेली नजर नाकारणं म्हणजे त्याहून मोठी बेअदबी. मग दोन्ही सरकारांनी डोकं लढवून मधली वाट काढली. साहेबानं वस्तूला उजवा हात लावायचा, 'माफ' म्हणायचं, आणि वस्तू मालकाकडं परत. फक्त फळं आणि फुलं ठेवून घ्यायची मुभा होती. मग काय, लोक सुटलेच! परत येणारच आहे म्हटल्यावर द्यायला कुणाचं काय जातं? एक जहागीरदार वीस वर्षं प्रत्येक साहेबाला तीच एक तलवार पेश करत होते. साहेबांचे हात लागून लागून तिची मूठ गुळगुळीत झाली होती. आणि ज्यांच्या घरात काही नव्हतं ते शेजाऱ्याचं मागून आणून पेश करत.

"नका देऊ," दाराआडून वहिदा म्हणाली.

"वहिनी, हात लावून परत! दुपारच्या नमाजाच्या आत शाल घरात. माझी जबान."

"तुमची जबान मोठी हाय नानासाहेब, पर शाल एकच हाय."

खरं तर मोहियोद्दीनलाही द्यायची नव्हती. पण नानासाहेब हळूच म्हणाले, "साहेब विलायतचा आहे, मियाँ. छापील माल जिथून येतो तिथलाच. त्याला एकदा दाखवायचं नाही का, खरा माल काय असतो ते?" आणि आमचा शहाणा मोहियोद्दीन तिथं पाघळला. साहेब शालीवरून हात फिरवतोय आणि शरमेनं मान खाली घालतोय, असं सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. त्यानं शाल काढून दिली.

मंगळवारी कचेरीत तबकं कमी पडली. नानासाहेबांनी बायकोला न विचारता घरातली पितळेची परात उचलून आणली. द्वारकाबाईंच्या माहेरची, पैठणची, काठावर त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेली. घडी केलेली शाल तीत ठेवली. बाजूला तलवार चमकत होती, एका शेठचा सोन्याचा कंठा चमकत होता. त्यांच्यापुढं घडी घातलेली शाल नानासाहेबांना गरीब वाटली. शोभा हवी! त्यांनी शालीवर मधोमध दौलताबादचे पंचवीस पेरू रचले. झकास ढीग झाला. काठाची वेल तेवढी बाहेरून दिसत होती.

साहेब आला. तरणाताठा पोरगा, थंडीनं नाक लाल, या मुलखात येऊन त्याला महिनाही झाला नव्हता. त्याच्या मागं गयास मुन्शी, छावणीतला त्याचा दुभाष्या, हातात वही घेऊन. मुन्शी कानात सांगायचा, चीज म्हणजे वस्तू की फळं, तसं साहेब करायचा. "चीज," मुन्शी म्हणाला, साहेबानं तलवारीला हात लावला. माफ. "चीज," कंठ्याला हात लावला. माफ. मग परात आली. मुन्शीनं पेरू बघितले.

"फळं," तो म्हणाला.

साहेबानं मान डोलावली. चपराशानं परात उचलून डोक्यावर घेतली आणि तो चालता झाला.

मागच्या रांगेत उभ्या असलेल्या मोहियोद्दीननं आपली अडीच महिन्यांची शाल चपराशाच्या डोक्यावरून दाराबाहेर जाताना बघितली. त्यानं नानासाहेबांकडं पाहिलं. नानासाहेबांचं तोंड उघडं होतं, पण भरल्या दरबारात ओरडणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. त्यांनी ते हळूच मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं छावणीत हजर. गयास मुन्शीनं शांतपणे वही उघडली. "अकरा तबकं, मेवा. कापड एकही नाही."

"पेरूंच्या खाली होतं की!" मोहियोद्दीन म्हणाला.

मुन्शीनं चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे आमच्या साहेबांनी कापड ठेवून घेतलं असं म्हणणं आहे तुमचं? साहेबांना कापड घ्यायची बंदी आहे. बंदी आहे म्हणजे त्यांनी घेतलं नाही. घेतलं नाही म्हणजे ते नव्हतं. होतं असं वाटत असेल तर कचेरीकडून लेखी आणा."

दोघं कचेरीत आले. तिथले बडे कारकून नानासाहेबांवर उखडले. "लेखी? अहो पेशकार, फळांखाली कापड दडवून आपण साहेबाला लाच चारली, असं मी लिहून देऊ? कापड नव्हतंच!"

बघा आता. सरहद्दीवरून, टपालावरून, रेल्वेच्या जमिनीवरून या दोन सरकारांचं कधी एक मत झालं नाही. पण मोहियोद्दीनची शाल या जगात नव्हतीच, यावर दोघांचं एका दिवसात एकमत झालं.

मोहियोद्दीन एकटाच परत छावणीकडं गेला. कुंपणाशी उभा राहिला. साहेबाच्या तंबूपुढं उन्हात चहाचं मेज मांडलेलं होतं, आणि मेजावर, अंगणात पोतं अंथरावं तशी, त्याची शाल अंथरलेली होती. तिच्यावर किटली, कप, बशा. तो कुंपण ओलांडायला गेला तर शिपायानं बंदूक आडवी धरली.

"माझी शाल हाय ती!"

"इथं शाल नाही," शिपाई म्हणाला. त्यालाही बजावून ठेवलेलं होतं.

गुरुवार उजाडला. सिल्लोडहून निरोप आला होता की नवाबमियाँ आज संध्याकाळी वऱ्हाड घेऊन पोचतायत आणि पेटी सोबत आहे. शाल गेल्याची बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली कुणास ठाऊक. वहिदानं दोन दिवस तोंडाला येईल ते ऐकवून झालं होतं, आता तिचाही घसा बसला होता. जोहरा रिकाम्या मागाजवळ बसली होती.

"जाऊ द्या अब्बा," ती म्हणाली. "विलायती घातली तरी निकाह तर व्हतोच."

ती समजूत घालत होती बिचारी. पण मोहियोद्दीनला दोन्ही सरकारांनी मिळून जेवढं रडवलं नव्हतं तेवढं या एका वाक्यानं रडवलं. तो भिंतीकडं तोंड करून बसला.

तेवढ्यात दारात द्वारकाबाई. पदर खोचलेला, मागं नानासाहेब मान खाली घालून.

"वहिदाबी, माझी परात तुमच्याकडं आहे का? हे तीन दिवस सांगतायत कल्हईला दिली. पितळेच्या परातीला कल्हई करायला काय तीन दिवस लागतात? आत्ता कुठं खरं ओकले, मियाँना विचार म्हणून."

"तुमची परात तिथंच हाय बाई," वहिदा म्हणाली, "जिथं आमची शाल हाय." आणि तिनं सगळं सांगितलं.

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं की नानासाहेब आणखी चार बोटं बुटके झाले. मग त्या थोडा वेळ विचार करत उभ्या राहिल्या.

"शाल नव्हती म्हणतात ना? नसेल. परात तर होती? ताट कुणाच्या घरी गेलं की ते परत येतं. त्याला कशाला हवंय लेखी? घाला बुरखा."

टांग्यात मागं दोघी बायका, पुढं मोहियोद्दीन आणि नानासाहेब. छावणीच्या फाटकावर शिपायानं बंदूक आडवी करायच्या आधीच द्वारकाबाई खाली उतरून आत चालू लागल्या होत्या. बाईमाणसावर बंदूक कशी धरायची हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"माझी परात," गयास मुन्शीपुढं उभं राहून त्या म्हणाल्या.

मुन्शीनं वही उघडली. मेवा खाऊन झाला होता. परात म्हणजे मेवा नव्हे. चीज म्हणावी तर ती पेश झालेली नव्हती. त्यानं पुढची पानं उलटली, मागची उलटली. भांड्यासाठी कलमच नव्हतं.

"हे… हैदराबादला विचारून कळवावं लागेल," तो म्हणाला.

"शेजारणीचं ताट परत करायला हैदराबादला विचारता? घरात आई आहे ना तुमच्या? तिनं हेच शिकवलं?"

मुन्शीला आई होती, आणि ती कडक असावी, कारण तो एकदम उठून उभा राहिला. एवढ्यात हा गलका ऐकून साहेबच चहाच्या मेजावरून इकडं बघायला लागला. त्यानं सगळ्यांना जवळ बोलावलं. नानासाहेबांनी घाम पुसत इंग्रजीत सांगितलं, बाईंना त्यांचं ताट हवं आहे. साहेब हसला. अरे, मग द्या की! चपराशानं परात आणली. द्वारकाबाईंनी काठावरचं वडिलांचं नाव तपासून बघितलं.

"आन परातीतलं फडकं," बुरख्यातून वहिदा म्हणाली. तिनं मेजाकडं बोट दाखवलं.

फडकं! रेशमाच्या एकेका धाग्यासाठी डोळे फोडून विणलेला मोहियोद्दीनचा हिमरू, आणि त्याची स्वतःची बायको त्याला फडकं म्हणत होती. गयास मुन्शी मात्र सावध झाला. तो मोहियोद्दीनच्या अगदी जवळ आला.

"हे कापड नाही ना? काल तुम्ही शाल शाल म्हणत होतात. शाल असेल तर चौकशी लागेल. साहेबांसमोर नीट सांगा, काय आहे हे?"

सगळे मोहियोद्दीनकडं बघायला लागले. बुरख्याच्या जाळीतून वहिदाचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते. उद्या निकाह होता.

"फडकंच हाय," तो म्हणाला. "परात पुसायचं."

साहेबानं कप-बशा बाजूला ठेवल्या, किटली उचलली आणि स्वतः घडी करून शाल दिली. भला माणूस होता हो, त्यात वाद नाही. देताना तो नानासाहेबांना काहीतरी म्हणाला.

"काय म्हणला?" मोहियोद्दीननं विचारलं.

"जाऊ द्या."

"नानासाहेब, काय म्हणला?"

"म्हणतो, फडकं छान आहे. आमच्या गिरणीतलं दिसतंय. त्याच्या आईकडंही याच छापाचं एक आहे."

मोहियोद्दीनच्या मुठी वळल्या. वहिदानं मागून त्याचा अंगरखा घट्ट धरला. आता निघायचं, तर द्वारकाबाई जागच्या हलेनात.

"चला ना हो," नानासाहेब काकुळतीला आले.

"परात रिकामी परत करतात होय? काही रीत आहे का नाही या माणसाला?"

नानासाहेबांनी हेही भाषांतर केलं, कारण साहेबापेक्षा बायकोची भीती जास्त होती. साहेब गोंधळला. मुन्शीनं कानात सांगितलं की काही द्यायचं तर भेट होईल, भेट म्हटली की वही आली. शेवटी खानसाम्यानं आतून उरलेले पाच पेरू आणून परातीत टाकले. मेव्याला मुभा होती. द्वारकाबाईंनी एक पेरू दाबून बघितला, पिकलेला निघाला, मग त्या निघाल्या.

घरी येऊन शाल उलगडली तर बरोबर मधोमध चहाचा गोल डाग. कपाच्या बुडाएवढा, तांबूस. धुवायचं तर रेशीम, आणि सकाळपर्यंत वाळायचं नाही. सगळ्यांचे चेहरे पडले.

शुक्रवारी निकाहाच्या आधी नवाबमियाँनी शाल हातात घेतली आणि पहिला प्रश्न डागाचा विचारला. मोहियोद्दीनला खोटं बोलून बोलून कंटाळा आला होता. त्यानं खरं सांगितलं.

"साहेबाच्या चहाचा?" नवाबमियाँ ओरडले. "खुद्द साहेबाच्या? गोऱ्या साहेबाच्या?" आणि विलायती शालीची पेटी त्यांनी पायानंच मागं सारली. डाग दुल्ह्याच्या छातीवर बरोबर समोर येईल अशी घडी त्यांनी स्वतः घातली. सगळं सिल्लोड वाकून वाकून बघायला लागलं. कुणी म्हणालं, चहा दार्जिलिंगचा असणार. कुणी डागाची बोटानं मापं घेतली.

"नवाबमियाँ," मोहियोद्दीन न राहवून म्हणाला, "जरा कापडाला हात लावून तर बगा!"

"छे छे! अरे, कुणी हात लावू नका रे," नवाबमियाँ सगळ्यांवर खेकसले. "डाग पुसला जाईल!"

शाल दुल्ह्याच्या खांद्यावर होती. ठरल्याप्रमाणं सगळं झालं होतं. पण मोहियोद्दीन मांडवाच्या कडेला उभा राहून बुट्टीकडं बघत होता, आणि तिच्याकडं बघणारा तिथं तो एकटाच होता. जोहराची पाठवणी झाली तेव्हा तो लेकीसाठी रडला आणि थोडा स्वतःसाठीही रडला. त्या रात्री तो जेवला नाही, आणि आठवडाभर मागावर बसला नाही.

आठव्या दिवशी नवाबमियाँचा गाडीवान कडूबा कापसाची गाडी टेसनावर उतरवून दारात आला.

"मियाँ, मालकांनी इचारलंय, साहेब परत कवा येनार हाय?"

"कामून?"

"डाग गेला नव्हं! सूनबाईनं पहिल्याच दिशी रिठ्याच्या पान्यानं धुतला. कुनालाच नाय सांगितलं, म्या तेवढं बगितलं. आज पाव्हने येनार म्हनून मालकांनी शाल काढली, तर डाग गायब." कडूबानं आवाज खाली आणला. "सकाळधरनं शाल मांडीवर घेऊन बसल्यात. बोटानं हुडकत्यात, सरळी करून, उलटी करून. मधी मला म्हनले, कडूबा, जरा हात लाव रं. ही लई मऊ लागती. आपल्या पेटीतली अशी नाय लागत."

दारामागं वहिदाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या.

"जोहरा काय म्हणली?" मोहियोद्दीननं विचारलं.

"त्या गप हायत. मालकांनी इचारलं तर म्हनल्या, मला नाय म्हाईत."

मोहियोद्दीन उठला, मागाच्या खड्ड्यात उतरला आणि धोटा हातात घेतला.

"नवाबमियाँला सांग," तो म्हणाला, "साहेबाचा डाग असा रिठ्यानं जात नसतो. शालीत हाय तो. नीट हुडका म्हणावं, असंच, बोटानं."